लँडस्केपचा पोर्टफोलिओ: जुरीच्या शीटपासून साइटवरच्या फक्कीपर्यंत

लँडस्केप आर्किटेक्चरकडे येणारे बहुतेक विद्यार्थी वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी घेऊन आलेले असतात आणि पुढच्या दोन वर्षांत तीन-चार स्टुडिओ प्रकल्प व एक प्रबंध पूर्ण करतात. नोकरीची वेळ आली की हे सगळेच काम पोर्टफोलिओत कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा. एकच प्रकल्प निवडून तो समतलरेषांपासून (नकाशावर समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांपासून) झाडाच्या खड्ड्याच्या तपशिलापर्यंत नेलेला असावा आणि बाकीचे दोन-दोन पानांत आटोपावेत. मुलाखत घेणाऱ्याला उमेदवाराची कल्पनाशक्ती पाहायचीच असते, पण जमिनीचा उतार, पाणी आणि माती यांचा विचार त्याने केला आहे की नाही, हे तो त्याआधी पाहतो.

उदाहरणादाखल पुण्यातील आंबिल ओढ्याच्या काठावरचा एखादा पाच एकरांचा भूखंड स्टुडिओसाठी मिळाला आहे असे समजू. कात्रजच्या तलावांकडून निघून दाट वस्तीतून मुठेला मिळणाऱ्या या ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मोठा पूर आला, तेव्हा काठावरच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या आणि माणसेही दगावली. अशा जागेवर काम करताना पहिले पंधरा दिवस नकाशासाठीच राखून ठेवावेत. उपग्रहावरून मिळणारी उंचीची मोफत माहिती बहुधा ३० मीटरच्या चौकटीची असते. एक चौकट म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे पाच एकरांच्या सुमारे २०,००० चौरस मीटरमध्ये जेमतेम बावीस आकडे येतात, आणि त्या आकड्यांतील चूकही काही मीटरची असू शकते. एवढ्यावर काढलेल्या समतलरेषा कितीही देखण्या दिसल्या, तरी त्यांच्या आधारे पायऱ्या काढता येत नाहीत. महाविद्यालयातून ऑटो लेव्हल (उंचीतील फरक मोजण्याची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी मोजपट्टी) मागून घ्यावा, एखाद्या न हलणाऱ्या ओट्याच्या कोपऱ्याची उंची १००.०० मीटर धरावी आणि ओढ्याला काटकोनात निदान पाच छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यास दिसणारे चढउतार, स्वतः मोजावेत. यंत्र मिळाले नाही तर दोघांनी मिळून पाण्याच्या पारदर्शक नळीनेही लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, घेता येते. गवंडी ती रोज वापरतात.

मोजणी चालू असताना काठावरच्या रहिवाशांना पुराचे पाणी भिंतीवर कुठपर्यंत चढले होते ते विचारावे, ती खूण मोजावी आणि प्रत्येक छेदावर ती पूररेषा दाखवावी. १:१०० प्रमाणातील असा एक छेद पाच रंगीत थ्रीडी चित्रांपेक्षा अधिक बोलतो, असे माझे मत आहे आणि उमेदवार निवडताना मी त्याच चित्रावर सर्वांत जास्त वेळ थांबतो.

त्यानंतर पाण्याचा हिशेब. तो अवघड नाही, तरी बहुतेक पोर्टफोलिओंत तो सापडत नाही. समजा, भूखंडाचा निम्मा भाग, म्हणजे १०,००० चौरस मीटर, छपरे आणि फरसबंदीखाली आहे आणि एका जोरदार सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला. त्यातील ८० टक्के पाणी वाहून येईल असे धरले तर ४०० घनमीटर, म्हणजे चार लाख लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. हे पाणी सरासरी अर्धा मीटर खोलीच्या गवताळ सखल भागात अडवायचे तर ८०० चौरस मीटर जागा लागेल. ती जागा नकाशावर दाखवावी, तिचा आकडा लिहावा आणि ती भरल्यावर जादा पाणी कोणत्या कडेने, किती उंचीवरून ओढ्यात जाईल तेही दाखवावे. ‘येथे पावसाचे पाणी जिरवले जाईल’ असे लिहून निळा बाण काढला, तर हा हिशेब केलेला नाही एवढेच त्यातून कळते. खाली कठीण बेसाल्ट आहे की मुरूम आहे की काळी माती, यावर जिरण्याचा वेग अवलंबून असतो. म्हणून मीटरभर खोल खड्डा खणून, त्यात पाणी ओतून ते किती वेळात उतरते याची नोंद छायाचित्रासह जोडावी.

वृक्षयोजना करताना झाडे छेदावर बसवावीत. ओढ्याच्या पात्रालगत शेरणी आणि लव्हाळा, काठावर वाळुंज, त्याच्या वर उंबर, करंज, जांभूळ, आणखी कोरड्या भागात पळस व बहावा, अशी मांडणी केली की कोणते झाड पाण्याखाली उभे राहू शकते हे आपण जाणतो, असे दिसते. प्रत्येक झाडाचे शास्त्रीय नाव लिहिणे ही पांडित्याची हौस नव्हे. यादीत नुसते ‘अशोक’ लिहिले तर रोपवाटिकेतून हमखास उंच, सरळसोट आसुपालव येतो आणि ज्याला सीतेचा अशोक म्हणतात तो केशरी फुलांचा वृक्ष कागदावरच राहतो. शिवाय यादी पूर्ण होण्यापूर्वी एकदा तरी रोपवाटिकेत जाऊन यावे. कोणते रोप किती उंचीचे व किती मोठ्या पिशवीत मिळते हे समजले, की चित्रातील पूर्ण वाढलेले कदंब पहिल्या दिवशी दोन मीटरच्या काठ्या असतील हे लक्षात येते. मग तोच छेद पहिल्या वर्षाचा आणि दहाव्या वर्षाचा असा दोनदा काढावा.

मांडणीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. वीस-पंचवीस पाने पुरतात, फाइल ई-मेलने सहज जाईल इतकी हलकी असावी आणि गटात केलेल्या कामात आपला वाटा कोणता हे स्पष्ट लिहावे.

कार्यालयात रुजू झाल्यावर पहिले काही महिने झाडांची मोजदाद, बीओक्यू (कामे व साहित्याच्या परिमाणांची यादी) आणि इतर सल्लागारांच्या ड्रॉइंगशी आपले ड्रॉइंग जुळवणे यांत जातात. हे काम कमी दर्जाचे समजू नये. माझ्या पहिल्या वर्षी एका गृहप्रकल्पात मी रस्त्याकडेला ताम्हणाची रांग आखली होती. सर्व्हिसेसचे, म्हणजे जमिनीखालच्या पाइप आणि केबलचे, सुधारित ड्रॉइंग मी मागितलेच नव्हते, आणि खोदाई सुरू झाल्यावर तिसऱ्याच खड्ड्यात पावसाळी गटाराचा पाइप लागला. मुकादमाने काही न बोलता पहार बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून कोणतीही वृक्षयोजना पाठवण्यापूर्वी सांडपाणी, पावसाळी पाणी, वीज आणि अग्निशमन यांच्या अद्ययावत रेषा मी तिच्यावर टाकून पाहतो.

शहरांत आज बरेचसे काम पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या स्लॅबवर असते. ओली माती घनमीटरला सुमारे १.८ ते २ टन भरते. झाडासाठी १.२ मीटर खोल माती दाखवली तर प्रत्येक चौरस मीटरवर दोन टनांहून अधिक भार येतो. त्यामुळे मोठी झाडे शक्यतो खांबांच्या माथ्यावर घ्यावीत आणि मातीची खोली स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी मान्य करून घ्यावी. अग्निशमन वाहनाच्या मार्गात हिरवळीचा किंवा कुंड्यांचा अडथळा येत नाही ना, हेही त्याच बैठकीत तपासावे.

जागेवर आधीपासून झाडे असतील तर त्यांची यादी करण्याचे काम बहुतेक वेळा नवख्याकडेच येते. महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा आहे. म्हणून प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन त्याचे नाव, छातीच्या उंचीवरील घेर, स्थिती, बुंध्याजवळची जमिनीची लेव्हल आणि छायाचित्र नोंदवावे. ही लेव्हल विसरली तर पुढे भराव बुंध्यावर चढतो आणि झाड वाचवल्याचे समाधान दोन पावसाळेही टिकत नाही.

आठवड्यातून एक दिवस तरी साइटवर जाण्याची परवानगी मागून घ्यावी. लाइनदोरी धरून फक्कीने, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या भुकटीने, आखणी होत असताना तेथे उभे राहिल्यास संगणकावर डौलदार वाटलेले वळण जमिनीवर किती निरर्थक आहे, हे पाच मिनिटांत दिसते आणि फक्की पुसून ते बदलण्यास काही खर्चही येत नाही. माळीकाकांना आळ्याचा आकार, टेकू कुठे बांधायचा, पाणी किती दिवसांनी द्यायचे हे विचारावे आणि उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.

कार्यालयाची ड्रॉइंग स्वतःच्या पोर्टफोलिओत वापरायची असतील तर त्यासाठी लेखी परवानगी नोकरी सोडताना मागण्यापेक्षा काम चालू असतानाच घ्यावी. आपण हाताळलेली साइट पूर्ण झाली असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर ड्रॉइंगची प्रत घेऊन तेथे जावे, पाणी जिथे जिथे साचले आहे तिथे लाल पेनाने खूण करावी आणि ते पान छायाचित्रांसह पोर्टफोलिओत मूळ ड्रॉइंगच्या शेजारी लावावे.