बायबलमधलं अवघड नाव आलं की आधी वचन गाठा, अर्थ नंतर

पुण्यात वडगाव शेरीला आमच्या जुन्या गल्लीत एका बंगल्याच्या गेटवर 'एबेनेझर' अशी पाटी होती, आणि मी कितीतरी वर्षं समजत होतो की ते मालकाचं आडनाव असेल. मग कळलं की ते माणसाचं नावच नाहीये, दगडाचं आहे! बायबलमध्ये इस्राएल लोकांचे शत्रू, पलिष्टी, हरले तेव्हा शमुवेल नावाच्या संदेष्ट्याने एक दगड उभा केला, 'इथवर परमेश्वराने मदत केली' म्हणाला आणि त्या दगडाला हे नाव दिलं. हिब्रूत एबेन म्हणजे दगड, एझर म्हणजे मदत. होम लोनचे हप्ते फेडून बांधलेल्या घराला याहून चपखल नाव सापडणार नाही.

तर अशी नावं शोधायची कशी. बाळांच्या नावांच्या साइट्स आधी बंद करा, तिथे प्रत्येक नावाचा अर्थ 'तेजस्वी' नाहीतर 'शूर' असतो. आधी ते नाव कुठल्या वचनात, म्हणजे बायबलमधल्या नंबर दिलेल्या ओळीत, आलंय ते शोधा. यात एक गोची आहे, मराठी स्पेलिंग. छापील मराठी बायबलमध्ये तुम्हाला 'एबन-एजर' दिसेल, त्यामुळे ॲपमध्ये 'एबेनेझर' टाइप केलं तर काहीच येत नाही आणि माणूस वैतागून सोडून देतो. इंग्रजी बायबलमध्ये शोधून वचनाचा नंबर घ्यायचा (इथे 1 शमुवेल 7:12) आणि मग मराठीत तोच नंबर उघडायचा. त्यानंतर स्ट्राँग नंबर बघा. जेम्स स्ट्राँग नावाच्या माणसाने 1890 मध्ये बायबलच्या एकूणएक मूळ शब्दाला नंबर दिलाय, हिब्रूला एच आणि ग्रीकला जी. बऱ्याच फुकट ॲपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की मूळ शब्द उघडतो.

आता नावाचे तुकडे पाडा, आपण समास सोडवतो ना तसेच. एल म्हणजे देव, याह म्हणजे यहोवा या देवाच्या नावाचं छोटं रूप, अब म्हणजे बाप, बेन म्हणजे मुलगा. दानीएल, देव माझा न्यायाधीश. एलीयात तर एल आणि याह दोन्ही आहेत, 'याह माझा देव'. नावात 'बार' दिसलं तर ते अरामी भाषेतलं, अर्थ तोच, मुलगा. म्हणजे बरब्बा हा 'बापाचा मुलगा', आणि येशूच्या जागी सुटला तो हाच, हे लक्षात आल्यावर मी तो अध्याय परत वाचला.

पण तुकडे पाडून सगळं सुटतंच असं नाही, मफीबोशेथ घ्या. शौल राजाचा मुलगा योनाथान, त्याचा हा मुलगा, दोन्ही पायांनी अधू. नावातलं 'बोशेथ' म्हणजे लाज, आता पोटच्या पोराच्या नावात कोण लाज घालेल? उत्तर दुसऱ्या पुस्तकात आहे, 1 इतिहास 8:34 मध्ये योनाथानाच्या मुलाचं नाव मरीब्बाल दिलंय. बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं असं की मूळ नावात 'बाल' होतं, पुढे बाल म्हणजे परका देव हे डोक्यात पक्कं बसलं आणि लिहिणाऱ्यांनी ते काढून तिथे 'लाज' बसवलं. त्याच्या काकाचंही तसंच, एका ठिकाणी एशबाल, दुसरीकडे ईश-बोशेथ. म्हणून एकच माणूस दोन पुस्तकांत आला असेल तर दोन्हीकडे बघाच.

आणखी एक सवय लावा, पुस्तक स्वतः काय सांगतं आणि भाषेचे अभ्यासक काय म्हणतात हे वेगवेगळं लिहून ठेवायची. बायबलमधलं निर्गम हे पुस्तक म्हणतं मोशे म्हणजे पाण्यातून काढलेला. अभ्यासक म्हणतात हा इजिप्तचा शब्द, तिथल्या थुतमोस राजाच्या नावातला 'मोस', म्हणजे जन्मलेला. भांडायची गरज नाही, दोन्ही लिहा.

सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी अब्राहम म्हणजे ब्रह्म असा फॉरवर्ड येतो, तो सोडून द्या, उत्पत्ती 17:5 मध्ये 'पुष्कळ राष्ट्रांचा पिता' असं लिहिलंय आणि शब्द हिब्रू आहे. बायबलमधल्या 'मारानाथा' या शब्दात नाथ ऐकू येतो मान्य, पण ते अरामी, 'आमच्या प्रभू, ये'. कानाला सारखं लागलं म्हणजे नातं नसतं.

धार्मिक शब्दांचं मात्र कधीकधी उत्तर आपल्या मराठीतच असतं. ज्यूंचा वल्हांडण सण घ्या, हा शब्द मला लहानपणी परदेशी वाटायचा, पण तो आपला वलांडणे, ओलांडणे. इजिप्तमध्ये परमेश्वर इस्राएल लोकांची घरं ओलांडून गेला म्हणून वल्हांडण, हिब्रूतल्या पेसाखचाही हाच अर्थ. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं सोपं मराठी भाषांतर केलं, 1924 मध्ये ते छापून झालं. मिळालं तर शेजारी ठेवून ताडून बघा. आणि एखाद्या दिवशी पायी निघा, पुण्याच्या कॅम्पातलं 1867 चं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, त्याचं नाव ओहेल डेव्हिड, दावीदाचा तंबू, आणि रास्ता पेठेतलं बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं, सुक्काथ शेलोमो म्हणजे शलमोनाचा मांडव. याच बेने इस्रायलींनी शमुवेलचा समाजी केला आणि एलीयाचा एलोजी, 'जी' लावला की झालं मराठी.

बाळाचं नाव ठेवायचं असेल तर एकदा वचन वाचाच. नाबाल म्हणजे मूर्ख. ईखाबोद म्हणजे वैभव गेलं. आमच्या ओळखीतल्या एका काकांना नातवाचं नाव याबेस हवं होतं, मी त्यांना 1 इतिहास 4:9 दाखवलं, आईला बाळंतपणात वेदना झाल्या म्हणून ते नाव पडलं. काका जरा वेळ गप्प बसले, मग खालचं दहावं वचन वाचून म्हणाले, अरे पण पोरानं प्रार्थना काय झकास केलीय, आणि नाव याबेसच ठेवलं.