गोड दह्याचा कप घेताना: साधा की 'लाइट'?

तालुक्याच्या गावी किराणा आणायला गेले की दुकानातल्या काचेच्या फ्रीजमध्ये हल्ली गोड योगर्टचे दोन प्रकार शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. एक साखर घातलेला नेहमीचा, आणि दुसरा 'लाइट', म्हणजे स्निग्धांश कमी केलेला व साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरलेला. आमच्या मावशींना मधुमेहाचे निदान झाले तेव्हा त्यांनी बिनदिक्कत दुसरा कप उचलला आणि घरी आल्यावर विचारले, "लाइट म्हंजे हलकंच ना? मंग दोन खाल्ले त काय बिघडते?" या प्रश्नाचे उत्तर कपाच्या पुढच्या बाजूला कधीच नसते. ते मागच्या बारीक अक्षरांत असते, आणि ती अक्षरे कोणत्या क्रमाने वाचावीत हे एकदा कळले की निवड करणे फारसे अवघड राहत नाही.

तुलना करायची तर माप आपल्या घरच्या साध्या दह्याचे धरावे. शंभर ग्रॅम साध्या दह्यात सुमारे 4 ते 5 ग्रॅम साखर असतेच. ती दुधातली दुग्धशर्करा होय, कोणी वरून घातलेली नव्हे. म्हणून पोषणाच्या तक्त्यात 'एकूण साखर' या ओळीवर न थांबता तिच्याखालची 'अतिरिक्त साखर' ही ओळ पाहावी. फळांच्या स्वादाच्या नेहमीच्या कपात शंभर ग्रॅममागे एकूण साखर बहुधा 12 ते 15 ग्रॅम निघते. त्यातून दुधाची साखर वजा केली की आठ-दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, वरून घातलेली ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी, आणि पाच टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढ माणसासाठी सुमारे 25 ग्रॅमच्या आत, ठेवता आली तर अधिक चांगले. आपल्याकडे सकाळपासून दुपारपर्यंत जितके गोड चहा होतात ते पाहता यातला बराचसा वाटा दही समोर येण्याआधीच संपलेला असतो.

दुसरी खबरदारी 'लाइट' या शब्दाबद्दल. तो कधी स्निग्धांशाबद्दल बोलतो, कधी साखरेबद्दल, आणि कधी दोन्हींबद्दल. कशाबद्दल ते आपणच शोधावे लागते. 'लो फॅट' असा दावा करायचा तर घन पदार्थात शंभर ग्रॅममागे स्निग्धांश 3 ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, पण या दाव्याचा साखरेशी काहीही संबंध नाही. साय गेली की दही पातळ व नुसते आंबट लागते, म्हणून ते दाट करण्यासाठी स्टार्च किंवा पेक्टिन (फळांपासून काढलेले दाटपणाचे द्रव्य) आणि चव सावरण्यासाठी पुष्कळदा साखरच वाढवलेली असते. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. दुधाच्या लगेच पाठोपाठ साखर किंवा ग्लुकोज सिरप आले, तर पुढच्या बाजूला काहीही लिहिलेले असो, तो कप गोडाचाच समजावा.

कृत्रिम गोडी त्याच यादीत नावाने किंवा आकड्याने सापडते: 950 म्हणजे असेसल्फेम पोटॅशियम, 951 म्हणजे अस्पार्टेम, 955 म्हणजे सुक्रालोज, आणि 960 म्हणजे स्टीव्हिया या वनस्पतीपासून काढलेली गोडी. अस्पार्टेम साखरेच्या सुमारे दोनशे पट आणि सुक्रालोज सुमारे सहाशे पट गोड असल्यामुळे ती चिमटीपेक्षाही कमी लागते आणि तिच्यातून ऊर्जा जवळजवळ मिळतच नाही. अशा वेष्टनावर गोडीचे नाव आणि ती लहान मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना दिलेली असते. दुर्दैवाने ही सूचना इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असते, त्यामुळे दुकानदाराकडे भिंग मागायला लाजू नये. अस्पार्टेम असेल तर फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी तो कप टाळावा. सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल ही साखरेऐवजी वापरली जाणारी द्रव्ये लिहिलेली असतील आणि पोट नाजूक असेल, तर पोटफुगीची तयारी ठेवावी.

ही गोडी सुरक्षित आहे का, हा प्रश्न 2023 मध्ये पुन्हा गाजला. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीचा वापर करू नये असा सल्ला दिला, मात्र आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू केला नाही. जुलैमध्ये तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांचे मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञ समितीने दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. साठ किलोच्या माणसासाठी ती 2400 मिलिग्रॅम होते, आणि एखादा कप योगर्ट तिच्या जवळपासही पोहोचत नाही. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, परंतु वजन उतरेल या आशेने रोज विकत आणण्यासारखेही त्यात काही नाही. शंभर ग्रॅमच्या साखरेच्या कपातून साधारण 90 ते 100 आणि लाइट कपातून 50 च्या आसपास कॅलरी मिळतात. हा फरक ज्वारीच्या एका भाकरीच्या चतकोराएवढा. मावशींप्रमाणे दोन लाइट कप खाल्ले की हिशेब बरोबर तिथेच येतो.

आता कप कोणासाठी घ्यायचा ते ठरवावे. मधुमेही माणसाला गोड खाण्याची इच्छा अनावर झाली, तर साखरेच्या कपापेक्षा लाइट कप निश्चितच बरा, फक्त त्यातले एकूण कर्बोदक पाहून घ्यावे, कारण दाटपणासाठी घातलेला स्टार्चही रक्तातली साखर वाढवतो. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला वावरात दुपारी घाम फुटून हात थरथरू लागले, म्हणजे रक्तातली साखर फार उतरली, तर लाइट कपाचा काहीही उपयोग होत नाही. तेव्हा साखर किंवा गूळच तोंडात टाकावा लागतो. शेतात जाणाऱ्या अशा माणसाच्या शिदोरीत गुळाचा खडा वेगळा बांधून द्यावा. वाढत्या वयाच्या मुलांना लाइट कप देऊच नये, त्यांना सायीसकट साधे दही द्यावे. दिवसभर निंदणाला वाकणाऱ्या धडधाकट माणसाने महिन्या-पंधरवड्यातून साखरेचा कप खाल्ला तर त्याचा बाऊ करू नये.

विदर्भात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे थंडावा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, वीज जाते आणि काही दुकानदार रात्री फ्रीजच बंद करतात. एकदा आणलेल्या कपाचे झाकण घुमटासारखे फुगलेले होते. उघडताच फस्स आवाज आला आणि दारूसारखा वास सुटला. तारखेला अजून आठ दिवस बाकी होते. तेव्हापासून आमच्या घरी तारखेआधी झाकणावर अंगठा फिरवून पाहतात: ते सपाट आणि कप हाताला गार लागला पाहिजे, नाहीतर साधा असो की लाइट, परत ठेवावा.

खरे तर गावात तिसरा पर्याय चुलीवरच असतो, आणि बहुतेक वेळा माझे मत त्यालाच जाते. आर्वी-कारंजा पट्ट्यातल्या गवळाऊ गाईचे दूध घरी असेल तर ते तसेच विरजावे. म्हशीचे असेल तर त्यात स्निग्धांश साधारण सहा-सात टक्के असतो, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या एका वाटीत नऊ-दहा ग्रॅम, आणि त्याच्याच ऐंशी-नव्वद कॅलरी होतात. असे दूध तापवून गार करावे, जाड साय काढावी, पुन्हा एकदा तसेच करावे. साय लोण्यासाठी वेगळी जमवावी. स्निग्धांश पूर्ण जात नाही, पण बराच उतरतो. मग करंगळीला सोसवेल इतके कोमट करून अर्ध्या लिटरला चहाचा एक चमचा विरजण ढवळावे. दाटपणा हवा असेल तर साय नसलेली दूधपावडर दोन चमचे मिसळावी आणि मातीच्या भांड्यात लावावे. माती पाणी शोषून घेते आणि दही सुरीने कापता येईल असे लागते. उन्हाळ्यात तीन-चार तास पुरतात, पौषात मात्र भांडे घोंगडीत गुंडाळून रात्रभर ठेवावे.

गोडीसाठी त्यात गूळ घालणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की मधुमेहाच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत मानण्यासारखा फरक नाही. संत्र्याच्या सोललेल्या फोडी अगदी खाण्याच्या वेळी घालाव्यात, कारण दह्यात मुरल्या की त्या कडवट होतात. मावशींनी पहिल्या आठवड्यात वाटीभर दह्यात संत्र्याच्या चार फोडी आणि अर्धा चमचा साखर घेतली, दुसऱ्या आठवड्यात साखर पाव चमच्यावर आणली, आणि आता नुसत्या फोडी घालतात. लाइट कप त्या अजूनही आणतात, पण फक्त बाजाराच्या दिवशी, आणि एकच.