पंचाने पैसे खाल्ले की नजर चुकली? बोंब मारायच्या आधी कसं तपासायचं

नऊ-दहा वर्षं मी गावोगावच्या कबड्डी स्पर्धांना पंच म्हणून उभा राहिलोय, जत्रेतल्या, गणपतीतल्या, नवरात्रातल्या, आणि "पंच सेट आहे" हे पाठीमागून किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. एकदा सेमीफायनल बोनसच्या एका पॉइंटवर फिरली. बोनस लाइन ओलांडताना रेडरचा मागचा पाय हवेत असेल तरच बोनस मिळतो, तो हवेत होता की टेकला होता एवढाच प्रश्न. मी बोनस दिला आणि रात्री साडेअकराला माझ्या गाडीभोवती पंधरा-वीस पोरं, कुणाकडून किती घेतले ते सांग म्हणे. घेतलं काहीच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका पोराने पलीकडच्या बाजूने काढलेला व्हिडिओ दाखवला आणि पाय चक्क टेकलेला होता. मी उभा होतो तिथून मधे कॉर्नरचा डिफेंडर आला होता, मला पाय दिसलाच नव्हता, अंदाजाने दिला मी तो पॉइंट.

म्हणजे पोरांचं निम्मं बरोबर होतं. निर्णय चुकला का हा एक प्रश्न, आणि निर्णय विकला गेला का हा दुसरा. आपण रागात दोन्ही एकच करून टाकतो, तिथेच सगळा घोळ होतो. हे वेगळं कसं करायचं ते माझ्या पद्धतीने सांगतो, मॅच गल्लीतली असो नाहीतर ऑलिम्पिकची.

पहिलं काम, पंच कुठे उभा होता ते बघा. टीव्हीवर आपण सहा अँगलने, स्लो मोशनमध्ये, चहा पीत बघतो, त्याला एकाच जागेवरून, एकदाच, फुल स्पीडमध्ये दिसतं. म्हणून क्लिप आधी नॉर्मल स्पीडने एकदाच बघा, शक्यतो पंचाच्या बाजूने घेतलेली, आणि मग स्वतःला विचारा की मी काय दिलं असतं. पहिल्या नजरेत तुम्हीही तेच दिलं असतं तर तिथेच थांबा, पुढे खणायची गरज नाही.

पण कधीकधी चूक इतकी उघडी असते की अँगलचं कारण पुरत नाही. २००८ ची भारत-ऑस्ट्रेलिया सिडनी टेस्ट आठवा. सायमंड्स ३० वर होता, इशांतच्या बॉलला कट लागलेली अख्ख्या ग्राउंडने ऐकली, अंपायर बकनरने नॉट आउट दिलं आणि तो पुढे नाबाद १६२ करून गेला. शेवटच्या दिवशी द्रविडचं ते आउट, बॉल बॅटला लागलेला नसताना कॅच दिलेलं. त्या वेळी कट्ट्यावर आम्ही सगळेच मॅच मॅनेज होती असं छातीठोकपणे सांगत होतो, मीसुद्धा. आता इथे दुसरं काम करायचं, त्याच मॅचमधल्या सगळ्या चुका लिहून काढायच्या, फक्त आपल्याविरुद्धच्या नाहीत. त्याच मॅचमध्ये पाँटिंग १७ वर असताना गांगुलीच्या बॉलला मागे कॅच देऊनही वाचला हे सगळ्यांना आठवतं, पण तोच पाँटिंग पुढे ५५ वर हरभजनच्या बॉलला एलबीडब्ल्यू दिला गेला तेव्हा बॉल आधी बॅटला लागला होता, हे फार कमी लोकांना आठवतं. भारताचं नुकसान जास्त झालं हे खरंच, त्यात वादच नाही, बकनरला पुढच्या पर्थ टेस्टमधून काढलं गेलं तेही योग्यच होतं असं मला वाटतं. पण चुका दोन्हीकडे सांडलेल्या दिसल्या की ती बहुतेक वेळा खराब पंचगिरी असते. पैसे घेऊन बसलेला माणूस एकाच बाजूला सांडतो.

मग नियम वाचा. खरंच वाचा, कॉमेंट्रीवर जाऊ नका. डीआरएसमध्ये बॉल स्टंपला लागताना दिसतोय तरी नॉट आउट कायम राहिलं की लोक शिव्या घालतात, पण निम्म्याहून जास्त बॉल स्टंपच्या झोनमध्ये लागत असेल तरच मैदानावरचा नॉट आउट फिरतो, तिथे थर्ड अंपायरच्या हातात काही नसतंच. २०१९ च्या इंग्लंड-न्यूझीलंड वर्ल्ड कप फायनलमध्ये तर पंचाची चूक आणि नियमाचा घोळ, दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या. फिल्डरचा थ्रो इंग्लंडच्या स्टोक्सच्या बॅटला लागून बाउंड्रीला गेला तेव्हा ६ रन दिले, थ्रो झाला तेव्हा बॅट्समननी दुसऱ्या रनसाठी एकमेकांना क्रॉस केलं नव्हतं म्हणून ५ च हवे होते, ही पंचाची चूक, अंपायर धर्मसेनाने नंतर ती मान्यही केली. आणि सुपर ओव्हरही टाय झाल्यावर बाउंड्री मोजून इंग्लंडला कप दिला, ती मात्र कुणा पंचाची चूक नव्हती, नियमच तसा लिहिला होता आणि त्याच वर्षी आयसीसीने तो काढून टाकला. राग कुणावर काढायचा ते नियम वाचल्यावर ठरतं.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पंच प्रामाणिक असतो तरी एका बाजूला झुकतो. इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला होता, ४० रेफ्रींना एकाच फुटबॉल मॅचचे टॅकल व्हिडिओवर दाखवले, काहींना पब्लिकच्या आवाजासकट आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी होम टीमविरुद्ध जवळपास १५ टक्के कमी फाउल दिले. म्हणजे कुणी पैसे दिले नाहीत, धमकी दिली नाही, फक्त आवाज होता आणि तोही रेकॉर्ड केलेला. स्पेनच्या लीगमध्येही असंच सापडलं की होम टीम एका गोलने मागे असली की रेफ्री शेवटी जास्त वेळ देतात आणि पुढे असली की लवकर शिट्टी मारतात. मला हे वाचायच्या आधीच माहीत होतं हो, गावच्या ग्राउंडवर दोन हजार माणूस एका सुरात ओरडलं की हात आपोआप वर जायला बघतो, तो खाली धरून ठेवायला ताकद लागते. कुणी मान्य करत नाही पण प्रत्येक पंचाला हे ठाऊक असतं.

क्रिकेटमध्ये घरच्या पंचांवरून हीच भांडणं वर्षानुवर्षं चालली. पाकिस्तानात कुठलीही टीम गेली की अंपायरच्या नावाने ओरडायची, शेवटी त्यांचा कॅप्टन इम्रान खानच्या आग्रहाने १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज टेस्टला भारताचे दोन अंपायर उभे केले, व्ही. के. रामस्वामी आणि आपले मुंबईचे पिलू रिपोर्टर. पुढे १९९४ पासून टेस्टला एक आणि २००२ पासून दोन्ही अंपायर बाहेरच्या देशाचे आले, आणि अभ्यास करणाऱ्यांनी जुने-नवे एलबीडब्ल्यूचे आकडे लावून बघितले तर घरच्या टीमला मिळणारा फायदा दोन न्यूट्रल अंपायर आल्यावर दिसेनासा झाला. त्या आधीचे सगळे अंपायर काय चोर होते? नाही ना. म्हणून झुकाव दिसला की त्याला झुकाव म्हणा आणि पंच बाहेरचा मागा.

आता खरी सेटिंग कशी ओळखायची. यासाठी दोन केस शेजारी ठेवा.

१९८८, सोल ऑलिम्पिक, बॉक्सिंग फायनल. अमेरिकेच्या रॉय जोन्सने ८६ ठोसे मारले, कोरियाच्या पार्क सी-हुनचे लागले ३२, आणि निकाल ३-२ ने पार्क. इतका भयंकर निर्णय की स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून ट्रॉफी हरलेल्या जोन्सलाच दिली गेली. ऑलिम्पिक समितीने नंतर चौकशी केली, १९९७ मध्ये निष्कर्ष आला की लाच दिल्याचा पुरावा नाही. पुरावा मिळाला नाही म्हणजे सगळं स्वच्छ होतं असं मी म्हणत नाही, तीन जजेस काय बघत होते ते मला आजही कळत नाही, पण जगातला सगळ्यात बदनाम निर्णय आणि हातात पुरावा शून्य.

दुसरी केस, २००२, सॉल्ट लेक सिटी, फिगर स्केटिंग. रशियाच्या जोडीने कॅनडाच्या जोडीला जजेसच्या ५-४ मतांनी मागे टाकलं. रशियन जोडी चांगली होती असं म्हणणारे जाणकार आजही आहेत, म्हणजे निकाल अगदीच वेडगळ नव्हता. पण फ्रान्सच्या जजनेच कबूल केलं की आपल्या फेडरेशनच्या प्रमुखाचा दबाव होता, इथे रशियाला मत द्यायचं आणि बदल्यात आइस डान्समध्ये फ्रान्सच्या जोडीला मत मिळणार. नंतर ती जबाबावरून फिरली, पण तोवर कॅनडाला दुसरं गोल्ड दिलं गेलं, तिच्यावर आणि त्या प्रमुखावर तीन वर्षांची बंदी आली आणि गुण द्यायची जुनी पद्धतच मोडीत काढली.

बघा, जो निर्णय डोळ्याला जास्त खुपतो तोच विकलेला असेल असं नाही. उलट ज्याला पैसे घ्यायचेत तो फिफ्टी-फिफ्टीच्या जागा शोधतो, जिथे उद्या कुणी विचारलं तर "मला तसं दिसलं" म्हणता येईल. त्यामुळे एकाच निर्णयाची क्लिप शंभर वेळा बघून काही सापडत नाही. क्लिप बंद करा आणि पंचाला तिथे कुणी बसवलं ते शोधा.

रिओ २०१६ चं बॉक्सिंग हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. आयर्लंडचा मायकल कॉनलन रशियाच्या निकितिनकडून हरला तेव्हा त्याने कॅमेऱ्यासमोर जजेसना घाण हातवारे केले, लोक म्हणाले पोरगं हार पचवू शकत नाही. पाच वर्षांनी, २०२१ मध्ये, मॅकलॅरन यांचा चौकशी अहवाल आला आणि संशयास्पद लढतींच्या यादीत ती लढत होती. त्यात दाखवलेली पद्धत महत्त्वाची आहे. कुठल्या लढतीला कुठले जजेस हे निष्पक्षपणे ठरायला हवं होतं, ते बॉक्सिंग संघटनेतली वरची दोन-चार माणसं ठरवत होती, ऐकणारे जजेस हव्या त्या लढतीला बसवायचे आणि न ऐकणाऱ्यांना बाजूला ठेवायचे. रिंगमधल्या प्रत्येक माणसाला पाकीट द्यायची गरजच पडत नाही. आपल्याकडच्या स्पर्धेतही हाच प्रश्न विचारा, पंचांची यादी कुणी केली, कधी केली, आणि आयत्या वेळी कुणाला बदललं का. फायनलच्या अर्धा तास आधी पंच बदलला असेल तर कारण मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि पैशाचा माग. यात लोक एक मोठी चूक करतात, फायदा झाला त्या टीमवर बोट दाखवतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिका-सेनेगल वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये घानाच्या रेफ्री लॅम्प्टीने बॉल गुडघ्याला लागलेला असताना हँडबॉलची पेनल्टी दिली. दक्षिण आफ्रिका जिंकली, पण तिचा यात काहीच हात नव्हता. गोल किती होणार यावर पैसे लागले होते, बेटिंग मार्केटमधल्या विचित्र हालचालीवरून ते उघड झालं, रेफ्रीवर आजन्म बंदी आली आणि मॅच परत खेळवली. ज्याने पैसे लावलेत त्याला कोण जिंकतं याच्याशी कित्येकदा घेणंदेणंच नसतं. जर्मनीत हॉयझर नावाच्या रेफ्रीने २००४ मध्ये कप मॅचमध्ये पॅडरबोर्नला दोन शंकास्पद पेनल्टी दिल्या आणि हॅम्बुर्गसारखी टीम २-० वरून ४-२ ने हरली, तो पकडला गेला कारण त्याच्याबरोबरच्या रेफ्रींनीच जाऊन सांगितलं. त्याला दोन वर्षं पाच महिन्यांची शिक्षा झाली. हे मला फार मोलाचं वाटतं. पंचांमध्ये कोण कसा आहे हे पंचांना सगळ्यात आधी कळतं, म्हणून संशय असेल तर शांतपणे दुसऱ्या जुन्या पंचाशी बोला, पब्लिकमध्ये नाही.

कारण पब्लिकमध्ये सुरू झालं की कुठे जातं ते आपण कुस्तीत बघितलंय. २०२३ ला पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या सिकंदर शेख-महेंद्र गायकवाड कुस्तीत टांग डावाला दिलेल्या ४ गुणांवरून मोबाइलवर आठवडाभर वाद पेटला, पंचांना फोनवर धमकी गेली. २०२५ ला अहिल्यानगरला त्याच स्पर्धेत शिवराज राक्षेला चितपट दिलं, खांदे टेकलेच नाहीत म्हणून त्याने दाद मागितली आणि रागात पंचाला लाथ मारली, तीन वर्षांची बंदी. खांदे टेकले होते की नाही हा साधा बघण्याचा प्रश्न होता, पण लाथ मारल्यावर चर्चा खांद्यांची राहिलीच नाही, लाथेचीच झाली. पैलवानाची उमेदीची वर्षं मोजकी असतात हो, त्यातली तीन अशी जाणं बघवत नाही.

तर तुमच्या स्पर्धेत शंका आली तर असं करा. मॅचच्या आधीच दोन्ही टीमसमोर पंचांची नावं जाहीर करून घ्या, दोन्ही गावांपैकी कुणाचा पंच नको. एक मोबाइल स्टँडवर लावून पलीकडच्या साइडलाइनला ठेवा, पंच उभा असतो त्याच्या बरोब्बर समोर, म्हणजे त्याला जे दिसत नाही ते त्यात येईल. मॅच संपेपर्यंत तो कुणी हलवायचा नाही. निर्णय पटला नाही तर फक्त कॅप्टनने जायचं, बाकी पोरं मागे, आणि प्रोटेस्ट लेखी द्यायचा, त्यात वेळ, स्कोअर आणि कुठला नियम ते लिहायचं, "पंच भ्रष्ट आहे" हे वाक्य लिहायचं नाही, कारण ते सिद्ध करता आलं नाही की मूळ तक्रारही केराच्या टोपलीत जाते. व्हिडिओ कापायचा नाही, अख्खा द्यायचा, आधीची मिनिटभर आणि नंतरची मिनिटभर धरून. पंचाचा नंबर ग्रुपवर टाकायचा नाही. आणि त्याच पंचाच्या आणखी चार मॅचेसचे स्कोअरशीट मिळाले तर काढून ठेवा, एका मॅचमधून काही कळत नाही, पाच मॅचेसमध्ये झुकाव एकाच बाजूला दिसला तर मात्र सोडू नका, कमिटीकडून उत्तर येईपर्यंत मागे लागा.

त्या बोनसवाल्या पोराने मला व्हिडिओ दाखवला तेव्हा तो एकटा आला होता, सकाळी, मोटरसायकलवरून. पुढच्या वर्षीपासून त्या मंडळाने ग्राउंडच्या दोन्ही बाजूंना मोबाइल लावायला सुरुवात केली, आणि कॉर्नरचा डिफेंडर मधे आला की मी आता अंदाजाने बोनस देत नाही, समोरच्या अंपायरकडे बघतो आणि त्याने पाय बघितला असेल तरच हात वर करतो.