भयपटावर मत मांडण्याआधी: पाहायचं कसं, टिपायचं काय, लिहायचं कसं

भयपट पाहून 'अजिबात भीती वाटली नाही' किंवा 'रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही' एवढं सांगून मोकळं होता येतं. दोन्ही खरं असू शकतं, पण तो सिनेमा पाहावा की नाही या विचारात असलेल्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. भीती कुठल्या जातीची होती, केव्हा वाटली आणि कशामुळे वाटली, हे त्याला हवं असतं. ते सांगता यायचं तर सिनेमा थोडा शिस्तीत पाहावा लागतो.

आवृत्ती तपासा, मग वाद घाला

पहिलं काम म्हणजे सिनेमाची लांबी बघून टिपून ठेवणं. चाहत्यांमधले कितीतरी वाद एवढ्यानेच मिटतात. 'द शायनिंग' (१९८०) अमेरिकेत १४४ मिनिटांचा आहे आणि युरोपसाठी दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने स्वतः कापलेली आवृत्ती ११९ मिनिटांची. मुलाला तपासायला डॉक्टर येते तो प्रसंग छोट्या आवृत्तीत नाही. वडिलांच्या हातून मुलाला झालेल्या इजेची गोष्ट आई पहिल्यांदा तिथेच सांगते. 'बाप फारच अचानक बिथरतो' असं कोणी म्हणालं, तर त्याने कुठली आवृत्ती पाहिली ते आधी विचारा. तसंच 'द एक्झॉर्सिस्ट'चं. भूतबाधा झालेली मुलगी उलटी होऊन हातापायांवर जिना उतरते तो प्रसंग १९७३ साली चित्रपटगृहात कोणी पाहिला नव्हता. तो २०००च्या आवृत्तीत आला. तो आवडला की खटकला, हा मग वेगळ्याच सिनेमाबद्दलचा प्रश्न होतो.

जुन्या डीव्हीडीवर पाहत असाल तर आणखी एक भानगड असते. पॅल या जुन्या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम्स (सुटी स्थिर चित्रं) चालतात, त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि बऱ्याचदा आवाजही किंचित चढा येतो. खर्जातली कुजबुज त्यात थोडी पातळ होते. लांबीत चार टक्क्यांचा फरक दिसला, तर प्रसंग कापलेत असं लगेच समजू नका.

मालिकांच्या नव्या, 'सुधारलेल्या' प्रतींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'च्या एचडी प्रतीत जुनी चौकोनी चौकट रुंद केली, तेव्हा काही ठिकाणी कडेला उभी असलेली तंत्रज्ञ मंडळी दिसू लागली. दिवसा चित्रित करून रात्र भासवलेले काही प्रसंगही लख्ख उजेडात आले. अशी प्रत पाहून छायाचित्रणाला नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

पडदा, आवाज आणि रिमोट

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनी या सोयीला वेगळं नाव देते, काम एकच: सिनेमाच्या २४ फ्रेम्सच्या मध्ये टीव्ही स्वतः बनवलेल्या फ्रेम्स घुसवतो. हालचाल गुळगुळीत होते आणि राक्षस राक्षस न वाटता पोशाख घातलेला माणूस वाटतो. वीज वाचवणारा सेन्सरही बंद करा, कारण खोली अंधारी झाली की तो पडदा आणखी मंद करतो. सेटिंग बरोबर आहे का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे अंधाऱ्या भिंतीसमोर उभ्या पात्राचे काळे केस भिंतीपासून वेगळे दिसले पाहिजेत. सगळं एकच काळं डबकं दिसत असेल, तर कोपऱ्यात ठेवलेलं भूत तुम्हाला कधीच दिसणार नाही आणि तुम्ही सिनेमालाच रटाळ म्हणाल. अंधारात चौकटी चौकटी दिसत असतील तर दोष इंटरनेटच्या वेगाचा असू शकतो. गुणवत्ता 'ऑटो'वर न ठेवता वरची निवडा.

पंचावन्न इंची पडद्यापासून पावणेदोन ते सव्वादोन मीटरवर बसा. खोलीत मिट्ट काळोख नको. पडद्याच्या मागे मंद दिवा असला तर डोळे थकत नाहीत आणि काळा रंगही चांगला दिसतो.

आवाजाकडे दुर्लक्ष झालं की निम्मा भयपट गेला. नाइट मोड किंवा आवाज समान ठेवणारी सोय बंद हवी. ती शांतता वर खेचते आणि मोठा आवाज खाली दाबते, म्हणजे दिग्दर्शकाने मेहनतीने खोदलेली दरीच बुजवते. फोनच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झखालचा, म्हणजे अगदी खर्जातला आवाज जवळजवळ येतच नाही. भिंतीतून येणारी घरघर तुमच्यापर्यंत पोचलेलीच नसते. फोनच असेल तर हेडफोन लावा.

पहिल्या दहा मिनिटांत पात्रांचं बोलणं समोर बसलेल्या माणसाइतकं ऐकू येईल असा आवाज ठेवा आणि रिमोट लांब ठेवून द्या. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ताण चढू लागला की हात आपोआप आवाज कमी करायला जातो, आणि नंतर तोच माणूस प्रामाणिकपणे सांगतो, 'मला काही वाटलं नाही.'

सबटायटल्समध्ये आवाजांची वर्णनं असणारा पर्याय टाळता आला तर टाळा. 'दार करकरतं' ही ओळ कधी कधी करकर ऐकू येण्याआधीच उमटते आणि दचका तिथेच वाया जातो. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी ही सोय हवीच. त्यांनी मत लिहिताना तेवढं नमूद करावं. डबिंगमध्ये श्वास, हुंदके, पुटपुटणं नव्याने ध्वनिमुद्रित होतं. त्यामुळे शक्य असेल तर मूळ भाषा आणि साधी सबटायटल्स घ्या.

पाहताना टिपण

पहिल्यांदा पाहताना थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. फोनवर टिपण नको, कारण त्याच्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा बिथरतात. कागदावर फक्त वेळ आणि एक खूण करा. मराठीत भीतीला इतके वेगळे शब्द आहेत की खुणांसाठी दुसरीकडे बघायला नको:

द – दचका. अंग उडालं.
धा – धास्ती. काहीच झालेलं नाही, पण होणार आहे.
कि – किळस. तोंड फिरवावंसं वाटलं.
का – काटा. आवाज नाही, हल्ला नाही, तरी अंगावर शहारा.

दचका हा शरीराचा प्रतिक्षेप आहे. मोठ्या आवाजानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत डोळे मिटतात, विचाराला तिथे वावच नसतो. म्हणून कागदावर 'द' भरपूर असणं हे सिनेमा चांगला असल्याचं लक्षण नव्हे. थाळी आपटूनही माणूस दचकतो. 'धा' आणि 'का' कुठे पडले ते बघा. दोन 'धा'मध्ये वीस मिनिटं गेली असतील तर ताण सुटलाय, आणि 'मधला भाग रेंगाळतो' या वाक्याला आता तुमच्याकडे पुरावा आहे.

चौघांत बसून पाहिलं असेल तर तसं टिपा. घोळक्यात दचक्यानंतर हसू फुटतं आणि ते हसू पुढची दहा मिनिटं खाऊन टाकतं.

एक दचका सुटा करून

दुसऱ्या दिवशी सगळ्यात प्रभावी वाटलेला एकच प्रसंग काढा, त्याच्या आधीच्या दोन मिनिटांसकट. तो तीनदा पाहा: एकदा आहे तसा, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. आवाज बंद केल्यावर भीती पार गेली तर ती ध्वनीने उभी केलेली होती. डोळे मिटूनही टिकली तर चित्र निमित्तमात्र होतं. मग स्टॉपवॉच लावून शेवटची शांतता किती सेकंदांची आहे ते मोजा.

सरावासाठी 'कॅट पीपल' (१९४२) घ्या. रात्री एक बाई भिंतीच्या कडेने चालली आहे. दिव्याखालून उजेडात, मग अंधारात, पुन्हा उजेडात. मागून दुसऱ्या टाचांचा आवाज येतोय. तो थांबतो. तिला कळतं, ती पावलं उचलते, वळून बघते, मागे कोणी नाही. आणि एकदम जनावराच्या फिसकारण्यासारखा आवाज करत बाजूने चौकटीत घुसते ती एक बस. निर्माता व्हॅल लूटन याच्या नावावरून अशा फसव्या दचक्याला आजही 'लूटन बस' म्हणतात. डोळे मिटून ऐका: भीती बसच्या आवाजात नाही, टाचांचा आवाज बंद होतो तिथे आहे. बस फक्त साठलेल्या ताणाला वाट करून देते. आता यावरून दुसऱ्या सिनेमांतले दचके पारखा. आधी काही साठवलंच नसेल आणि नुसतंच मांजर अंगावर येत असेल, तर तो दचका उसना.

तंत्राबद्दल बोलताना सावध राहा. विचित्र हालचाल दिसली की 'सीजीआय (संगणकावर बनवलेलं दृश्य) आहे' असं ठोकून देण्याची सवय वाईट. 'रिंगू' (१९९८) या जपानी भयपटातल्या सदाको या भुताची ती अंगावर येणारी चाल संगणकाची नाही. अभिनेत्री उलटी चालली आणि ते चित्रण उलटं फिरवलं. कसं केलं ते माहीत नसेल तर जे दिसलं तेवढंच लिहा: 'पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत.' वाचणाऱ्याला तेही पुरतं.

मालिकांचं गणित वेगळं

अलौकिक मालिकेवर पहिल्याच भागावरून मत बनवू नका. पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, बऱ्याचदा आधी बनतो आणि मालिका नंतर बदलते. निदान चार भाग पाहा आणि त्यांतले दोन प्रकार वेगळे ठेवा: 'द एक्स-फाइल्स'सारख्या मालिकेत दर आठवड्याला नवं संकट आणणारे सुटे भाग असतात आणि मोठं कथासूत्र पुढे नेणारेही. सुटे भाग आवडणारा आणि कथासूत्रासाठी पाहणारा यांचं 'सर्वोत्तम दहा भाग' यावर सहसा जमत नाही. त्यात दोघांचंही चुकत नाही.

'मालिका नंतर घसरली' हे वाक्य पर्वाच्या आकड्याशिवाय लिहायचंच नाही. 'सुपरनॅचरल' २००५ ते २०२० चालली: १५ पर्वं, ३२७ भाग. तिच्या निर्मात्याच्या मनात मुळात पाच पर्वांची कथा होती, त्यामुळे पाचव्याच्या शेवटी थांबलेला प्रेक्षक आणि पंधरावं संपवलेला प्रेक्षक एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

नियमांची वही ठेवा. भुताला काय जमतं, काय जमत नाही, हे कोणी सांगितलं आणि कुठल्या भागात, एवढं दोन ओळींत. पात्राने सांगितलेला नियम आणि पडद्यावर दिसलेला नियम वेगळे लिहा, कारण पात्र चुकू शकतं. भुताला मिठाची रेघ ओलांडता येत नाही हे दुसऱ्या भागात दिसलं असेल आणि विसाव्यात भूत कारण न देता ओलांडत असेल, तर तुमच्या तक्रारीला बळ आहे. या वहीशिवाय केलेली 'लॉजिकच नाही' ही ओरड टिकत नाही.

'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (२०१८) पाहताना पात्रांच्या मागच्या दारांकडे, जिन्याच्या कठड्यांकडे नजर ठेवा. तिथे भुतं लपवून ठेवली आहेत आणि कथा त्यांचा उल्लेखही करत नाही. अशी मालिका एका रात्रीत संपवून मत लिहिणं म्हणजे तिचं अर्धं काम न पाहणं. दिवसाला दोन भाग पुरेत.

लिहिताना

पहिल्या ओळीत आवृत्ती, पडदा आणि कितव्यांदा पाहिलं ते सांगा. मग मत, मग पुरावा. रहस्य फोडायचं असेल तर आधी ठळक सूचना द्या. सिनेमाच्या पहिल्या एक तृतीयांशातलं सांगायला सहसा हरकत नसते, पण मृत्यू तिथेही सांगू नका.

फरक कसा पडतो बघा. आधी: 'सेकंड हाफ बोअर, भूत दिसल्यावर मजाच गेली.' नंतर: 'पहिला तासभर भूत फक्त आवाजातून जाणवतं आणि तो तास जबरदस्त आहे. ६८व्या मिनिटाला ते भर उजेडात उभं राहतं. त्यानंतर टिपणात एकही धास्ती नाही, चार दचके आहेत.' दुसरं वाचून ज्याला भूत स्पष्ट बघायला आवडतं तो खुशाल सिनेमा लावेल, आणि ते मताचं यशच आहे.

गुण द्यायचे तर दोन द्या, भीतीला वेगळा आणि सिनेमाला वेगळा. फार चांगला पण फारसा न घाबरवणारा भयपट एकाच आकड्यात नेहमी मार खातो.

शेवटी सूचनांची ओळ हवीच: लखलखणारे दिवे, प्राण्यांवरचा किंवा मुलांवरचा अत्याचार, आत्महत्या. कथा न फोडता मिनिटं द्या, '५२ ते ५४, वेगाने चमकणारा प्रकाश' अशी. फिट येण्याचा त्रास असलेल्या माणसाला त्या दोन मिनिटांपुरतं तोंड फिरवून बाकीचा सिनेमा पाहायचा की नाही, हे मग ठरवता येतं.