हळद पिवळीच दिसू द्या: लग्नाच्या व्हिडिओचं ग्रेडिंग

ग्रेडिंग म्हणजे रंग सावरणं. त्यासाठीच्या दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये एकही क्लिप घेण्याआधी प्रोजेक्टच्या टाइमलाइनचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ करा. क्लिप आत आल्या की तो बदलता येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/५० किंवा १/१०० शटरवर हॉलच्या ट्यूबलाइट लुकलुकत नाहीत. १/६० वर घेतलं असेल तर चित्रावर पट्टे सरकतात आणि ते नंतर पूर्णपणे निघत नाहीत. अक्षता पडताना ५० फ्रेमवर घेतलेलं फुटेज २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने स्वच्छ चालतं.

रंगाला हात लावण्याआधी कट पक्का करा. सगळे कॅमेरे आवाजाच्या वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) जुळवा. मंगलाष्टकांचा आवाज मात्र एकाच रेकॉर्डरचा, अखंड ठेवा आणि चित्र त्यावर कापा. कॅमेरा बदलला की आवाजही बदलला, तर भोंग्याचा घुमणारा सूर मध्येच दूर गेल्यासारखा वाटतो.

सोनी कॅमेऱ्याचं एस-लॉग३ (मुद्दाम फिकं रेकॉर्ड होणारं) फुटेज असेल तर चार नोड, म्हणजे रंगकामाच्या चार पायऱ्या, पुरतात: एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, मग फुटेज टीव्हीच्या रंगांत आणणारा कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (रेक. ७०९, गॅमा २.४), मग त्वचा, शेवटी लूक. तयार लट (LUT, म्हणजे रंगांचा तयार साचा) पहिल्याच नोडवर टाकला की त्यानंतर एक्स्पोजर सावरायला जागाच उरत नाही. टील-ऑरेंज (सिनेमातला निळसर-केशरी लूक) तर आपल्या लग्नाला नकोच: हिरवा चुडा निळसर होतो, हळद केशरी.

व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने पांढरा रंग उचलायला अंतरपाट सोयीचा, फक्त कापड खरंच पांढरं आहे ना ते बघा आणि कुंकवाच्या स्वस्तिकापासून लांब क्लिक करा.

खरी गोची हळदीत. व्हेक्टरस्कोपवर (रंगाची छटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर) त्वचेची रेषा असते, म्हणून नवरीचा चेहरा त्या रेषेवर आणायला गेलात तर हळद फिकी पडते आणि मागची पांढरी भिंत निळी होते. हळद न लागलेल्या करवलीचा चेहरा रेषेवर आणा आणि तोच बॅलन्स नवरीच्या क्लिपवर टाका. झेंडूच्या पाकळ्या एकसंध पिवळा गोळा दिसत असतील तर ह्यू व्हर्सेस सॅटमध्ये (एकाच रंगाचा गडदपणा बदलणाऱ्या वक्रात) पिवळा १.० वरून ०.८५ वर आणा.

स्टेजच्या निळ्या-जांभळ्या एलईडीने चेहऱ्यावर डाग पडल्यासारखे दिसतात. तिथे कलर स्पेस ट्रान्सफॉर्ममध्येच सॅच्युरेशन कॉम्प्रेशन (अती गडद रंग आवरणारा पर्याय) चालू करा. ‘नवरी जरा गोरी दिसू द्या’ ही फर्माईश येतेच. मिडटोन (मधल्या उजेडाचा भाग) वर ओढले की पैठणीची जर पांढरट होते, एवढं दाखवलं तरी बहुतेक घरचे ऐकतात.

एक्स्पोर्ट एच.२६४, १९२० बाय १०८०, २० एमबीपीएस; तासाला साधारण ९ जीबी. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, तेव्हा पंचवीस-पंचवीस मिनिटांचे भाग करा, किंवा घरच्यांचा टीव्ही एक्सफॅट (मोठ्या फाइल घेणारा फॉरमॅट) वाचतो का ते आधीच विचारा.