गॅस गीझर स्वतः बसवताय? आधी भिंत ठरवा

आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात सकाळी बादलीत हात घालवत नाही, म्हणून मागच्या वर्षी गॅस गीझर आणला आणि गॅसचं सोडून बाकी सगळं स्वतःच बसवलं. अवघड काही नाही ओ, पण जागा चुकली तर सगळंच चुकलं.

बाथरूमच्या आत लावायचाच नाही. हे आधीच सांगतो कारण आमच्याकडं पण पहिल्यांदा सगळे म्हणत होते की आतच लावा, पाइप कमी लागतो, खिडकी आहे की. दार लावून आंघोळ करताना आतल्या हवेतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला ना वास ना रंग, चक्कर आल्याचं कळेपर्यंत माणूस खाली पडलेला असतो. मी बाहेर मागच्या बोळात लावला, वर पत्रा टाकला, आणि खिडकीपासून लांब, कारण आत एक्झॉस्ट फॅन चालू असला की तोच धूर खिडकीतनं आत ओढला जातो, हे कुणीच सांगत नाही. उंची अशी ठेवा की ज्योतीची काच डोळ्यासमोर येईल.

मग पाण्याचं प्रेशर, गीझर पेटतो तो त्याच्यावरच. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसातनं एकदा, म्हणजे सगळा खेळ गच्चीवरच्या टाकीवर. टाकी नळाच्या 10 मीटर वर असेल तर 1 बार प्रेशर मिळतं, म्हणजे दहा फुटाला जेमतेम 0.3 बार. त्यामुळं वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली गीझर नीट पेटत नाही, खालच्या मजल्यावर झकास चालतो. मशीन घ्यायच्या आधी 15 लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ बघा, भरायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर आधी पाइपलाइन नाहीतर टाकीचा स्टँड बघा, गीझर नंतर.

भिंत विटांची असेल तर ड्रिल मारून फास्टनर ठोकला की झालं, पण पेठेतल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, तिथं लोखंडी अँगल फिरवून त्यावर टांगा. थंड बाजूला बॉल व्हॉल्व्ह आणि जाळी, गरम बाजूला सीपीव्हीसीच, साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडतो. गीझर जोडायच्या आधी लाइन मोकळी सोडून धुवा, नाहीतर ड्रिलचा नि पाइप कापल्याचा भुसा सगळा जाळीत. दोन्ही पाइपांवर एकेक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून ठेवा, कशाला ते पुढं सांगतो.

गॅसची जोडणी मात्र मेकॅनिककडनंच, तिथं हुशारी नको. तो आला की आपण एवढं बघायचं : मशीनवरच्या स्टिकरवर एलपीजी लिहिलंय का, सिलेंडर उभा आहे का आणि गीझरच्या बरोबर खाली तर नाही ना, रबरी नळी सुरक्षा होजच (आत तारेची जाळी असलेली) आहे का, दीड मीटरपेक्षा लांब नको, मधे जोड नको, भिंतीतनं न्यायची असेल तर तांब्याचा पाइप. गळती साबणाच्या पाण्यानं तपासायची, काडी ओढून बघणारे हिरो बाजूला ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून सिलेंडर खड्ड्यात किंवा बंद कपाटात नको. वास आला तर रेग्युलेटर बंद, लाइटच्या बटणाला हात नाही, बाहेर येऊन 1906 हा गॅसगळतीचा नंबर लावा.

आता काहीजण ते कंडेन्सिंगवालं घेऊ का म्हणतात. त्यात धुरातली वाफ साधारण 55 अंशाखाली थंड करून तिची उष्णता पण पाण्याला देतात, म्हणून गॅस कमी लागतो, पण ते आंबट पाणी गळतं, त्याला वेगळी नळी आणि आंबटपणा मारायला चुनखडीचे तुकडे भरलेला डबा लागतो (आपल्या शहाबादी फरशीचे तुकडे चालतील, ती चुनखडीच आहे). मोठी मशीनं 40 किलोवॅटच्या पुढं जातात, तेवढा गॅस आपल्या एका घरगुती सिलेंडरच्या रेग्युलेटरमधनं येतच नाही. आमचा साधा सहा लिटरवाला दहा-अकरा किलोवॅटमधे मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंश तापवतो, सोलापूरच्या थंडीला लई झालं. दोन-अडीच महिन्यांच्या वापरासाठी मी तरी कंडेन्सिंग घेणार नाही.

पहिल्यांदा पेटवताना आधी नळ सोडा, पाइपातली हवा जाऊ द्या, मग सेल टाका आणि गॅस चालू करा. ज्योत निळी पाहिजे. पिवळी दिसली की हवा कमी पडतेय किंवा बर्नर घाण झालाय, तशीच वापरू नका. पाणी फार उकळतं ठेवू नका, बोअरचं पाणी असेल तर जितकं गरम तितके क्षार जास्त बसतात. वर्षातनं एकदा गॅस बंद करून त्या टी मधनं लिंबूसत्वाचं पाणी छोट्या पंपानं अर्धा तास फिरवा, पांढरा चुरा बाहेर येतो, मग साध्या पाण्यानं भरपूर धुवा. आणि नळ सोडल्यावर टकटक आवाज होतोय पण पेटत नाही, किंवा आवाजच नाही, तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी सेल बदलून बघा, आमच्याकडं तर दोन्ही वेळा तेच निघालं.