छोटा अर्थ ऑब्झर्वेशन सॅटेलाइट फाल्कन ९ वर पाठवायचाय? तयारी अशी करा

पृथ्वीचे फोटो काढणारा छोटा सॅटेलाइट बनवायचं एकदा डोक्यात घेतलं, मग ती कॉलेजची टीम असो नाहीतर चार जणांचं स्टार्टअप, की लगेच प्रश्न येतो की वर न्यायचा कशावर. आपली पीएसएलव्ही आहेच, २०१६ च्या जूनमध्ये पुण्याच्या सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरापोरींनी बनवलेला 'स्वयम्' पीएसएलव्ही-सी३४ वर कार्टोसॅटच्या सोबतीनं गेला, जेमतेम एक किलोचा होता तो. पण आता दुसरा रस्ताही उघडलाय, स्पेसएक्सच्या फाल्कन ९ वरची ट्रान्सपोर्टर मिशन्स. एकाच रॉकेटवर शंभरभर सॅटेलाइट जातात, जानेवारी २०२१ च्या ट्रान्सपोर्टर-१ वर तर १४३ होते. बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीचा 'शकुंतला' सॅटेलाइट एप्रिल २०२२ मध्ये ट्रान्सपोर्टर-४ वरून गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे पहिले तीन फायरफ्लाय सॅटेलाइट ट्रान्सपोर्टर-१२ वरून. या रस्त्यानं जायचं तर काय काय करावं लागतं ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू कारण घरच्यांपासून गुंतवणूकदारांपर्यंत सगळे हेच विचारतात, वापरलेलं रॉकेट आहे, रिस्क नाही का. परत येतो तो फक्त खालचा टप्पा म्हणजे बूस्टर, आणि नाकावरचं फेअरिंग म्हणजे सॅटेलाइट झाकणारं टोपणही समुद्रातून उचलून पुन्हा वापरतात. वरचा टप्पा, जो तुमच्या सॅटेलाइटला खरोखर ऑर्बिटमध्ये नेतो, तो दरवेळी कोरा असतो. बूस्टर अडीच मिनिटांच्या आतबाहेर वेगळा होतो, त्यानंतर तो नीट उतरला की नाही याचा तुमच्याशी काही संबंध उरत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एक बूस्टर उतरताना आडवा पडला पण वरचे स्टारलिंक, म्हणजे स्पेसएक्सचे इंटरनेटचे सॅटेलाइट, व्यवस्थित जागेवर पोचले. त्याच्या उलट जुलै २०२४ मध्ये वरच्या टप्प्यात ऑक्सिजनची गळती झाली आणि त्या फ्लाइटचे २० स्टारलिंक वाया गेले. त्यामुळे बूस्टर कितव्यांदा उडतोय हे मोजत बसू नका, नासाचा समुद्र मोजणारा एसडब्ल्यूओटी डिसेंबर २०२२ मध्ये वापरलेल्याच बूस्टरवर गेला, युरोपचा अर्थकेअर मे २०२४ मध्ये तसाच गेला.

रॉकेट पुन्हा वापरल्यानं तुमच्यासाठी बदललं ते भाडं आणि टाइमटेबल. २०२४ च्या दरात ५० किलोपर्यंत ३ लाख डॉलर आणि त्यावर प्रत्येक किलोला ६ हजार डॉलर होते, दर वर्षाला वाढत जातात. आणि फ्लाइट दर काही महिन्यांनी असतेच, म्हणून ती कुणासाठी थांबत नाही. शंभर सॅटेलाइटमधला एक तयार नाही म्हणून बाकीचे नव्व्याण्णव कशाला थांबतील? एसटीसारखं आहे, वेळ झाली की डेपोतून सुटणार. तुम्ही उशीर केलात तर करारानुसार फी भरून पुढच्या मिशनवर जायचं आणि तुमची जागा रिकामी राहू नये म्हणून तिथे नुसतं वजन बसवून रॉकेट जातं. म्हणून सगळं प्लॅनिंग लाँचच्या तारखेपासून मागे मोजत करायचं. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीचा आहे, कारण डिझाइन चांगलं असूनही टीम अडकतात त्या कागदांपायी आणि टेस्टच्या तारखांपायी.

क्यूबसॅट, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्यांच्या ठरलेल्या मापात बनवलेला सॅटेलाइट, असेल तर सहसा थेट स्पेसएक्सकडे जायचं नसतं, मधे सॅटेलाइट रॉकेटवर बसवून देणारा इंटिग्रेटर असतो, जर्मनीची एक्सोलाँच किंवा इटलीची डी-ऑर्बिट अशा कंपन्या. त्यांच्या डिप्लॉयरच्या, म्हणजे वर गेल्यावर सॅटेलाइट बाहेर सोडणाऱ्या, डब्यात तुमचा सॅटेलाइट बसतो आणि डबा रॉकेटच्या प्लेटवर. त्यांच्याकडून आयसीडी म्हणजे इंटरफेसचा कागद पहिल्याच महिन्यात मागून घ्या आणि त्याची प्रिंट भिंतीवर लावा. रेल्सची म्हणजे डब्यात सरकणाऱ्या कडांची मापं, वजन, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, डब्यात असेपर्यंत सॅटेलाइट बंद ठेवणारा डिप्लॉयमेंट स्विच कुठे, बसवण्याआधी चुकून चालू होऊ नये म्हणून लावलेली रिमूव्ह बिफोर फ्लाइट पिन कुठून ओढणार, सगळं त्यात असतं.

ऑर्बिट निवडायला मोकळीक फार नाही. ट्रान्सपोर्टर जातं ध्रुवांवरून फिरणाऱ्या सन-सिंक्रोनस ऑर्बिटमध्ये, साधारण ५०० ते ६०० किमी, आणि फोटो काढणाऱ्याला तेच हवं असतं कारण सॅटेलाइट एकाच जागेवरून दरवेळी स्थानिक घड्याळाच्या त्याच वेळेला जातो, सावल्या सारख्या पडतात, मागच्या महिन्याचा ऊस आणि या महिन्याचा ऊस यांची तुलना करता येते. बँडवॅगन नावाची दुसरी मिशन्स आहेत ती ४५ अंशांच्या आसपासच्या कलत्या ऑर्बिटला जातात, स्वस्त सीट दिसली म्हणून तिकडे पळू नका, तिथे फोटोची वेळ सरकत राहते.

आता कॅमेऱ्याचं गणित, हे सॅटेलाइट बनवायच्या आधी कागदावर करा. जमिनीवरचा एक पिक्सेल किती मीटरचा पडणार ते म्हणजे पिक्सेलचा आकार गुणिले उंची भागिले फोकल लेंग्थ. ५.५ मायक्रॉनचा पिक्सेल, ५०० किमी उंची आणि ५५ सेंटिमीटर फोकल लेंग्थ धरली की ५ मीटर येतात. छान वाटतं. पण खालची जमीन सेकंदाला ७ किमीच्या वेगानं सरकत असते, म्हणजे ५ मीटर पार व्हायला ०.७ मिलिसेकंद लागतात, एक्सपोजर त्याहून लांबलं की फोटो फरफटणार. तेवढ्या वेळात पुरेसा उजेड मिळतो का हे तपासा, नसेल तर टीडीआय सेन्सर, म्हणजे सरकत्या जमिनीबरोबर उजेड साठवत जाणारा सेन्सर, घ्या नाहीतर ५ मीटरचा हट्ट सोडा. शिवाय सॅटेलाइटचं तोंड एक अंश जरी चुकलं तर ५०० किमीवरून निशाणा जवळपास ९ किमी हुकतो, बारामती टिपायला गेलात आणि शेजारची गावं आली असं होईल, त्यामुळे तारे बघून दिशा ओळखणारा स्टार ट्रॅकर आणि सॅटेलाइटचं तोंड वळवणारी रिअॅक्शन व्हील यांच्यावर पैसे वाचवू नका. आणि फोटो खाली आणायचे कसे? १ एमबीपीएसच्या रेडिओनं आठ मिनिटांच्या पासमध्ये, म्हणजे सॅटेलाइट डोक्यावरून जातो तेवढ्या वेळात, ६० एमबी उतरतात, साडेबारा मेगापिक्सेलचा १२ बिटचा कच्चा फोटो १९ एमबीचा, म्हणजे एका पासला तीन फोटो. पुण्यातल्या एका अँटेनाला चांगले पास दिवसाला दोन-तीनच मिळतात, तेव्हा पेलोडच्या म्हणजे कॅमेऱ्याच्या डेटासाठी जास्त वेगाचा एक्स बँड रेडिओ किंवा ध्रुवाजवळचं भाड्याचं ग्राउंड स्टेशन, दोन्हीपैकी एकाचा खर्च बजेटमध्ये धरूनच चला.

फ्रिक्वेन्सीचं काम पहिल्या दिवशी सुरू करा, पहिल्या महिन्यात म्हणत नाही, पहिल्या दिवशी. हॅम बँड, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सी, वापरायचा असेल तर आयएआरयू या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं कोऑर्डिनेशन लागतं आणि तो धंद्यासाठी वापरता येत नाही, फोटो विकायचेत तर तो पर्याय नाहीच. बाकी बँडसाठी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीमार्फत आयटीयूकडे, म्हणजे जगभरच्या फ्रिक्वेन्सी बघणाऱ्या यूएनच्या संस्थेकडे, फाइलिंग जातं आणि त्याला स्वतःचा वेळ लागतो, तुमच्या घाईनं तो कमी होत नाही. सॅटेलाइटच्या परवानगीसाठी अहमदाबादच्या इन-स्पेस या सरकारी संस्थेकडे अर्ज, नियम मे २०२४ च्या एनजीपी या तिच्या नियमावलीत लिहिलेत, अख्खा दस्तऐवज एकानं तरी पूर्ण वाचलेला असावा. परदेशातून लाँच होतोय म्हणून भारतातली परवानगी लागत नाही असं अजिबात नाही. त्याशिवाय सॅटेलाइट देशाबाहेर नेणं ही निर्यात आहे, स्कॉमेट यादीत, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या यादीत, कुठली एंट्री लागू होते ते बघून डीजीएफटी या परदेशी व्यापाराच्या सरकारी कार्यालयाचं लायसन्स. अमेरिकेत एफएए ही विमान-रॉकेट उड्डाणं बघणारी सरकारी संस्था पेलोड रिव्ह्यू, म्हणजे वर जाणाऱ्या सामानाची तपासणी, करते, त्यासाठीची माहिती इंटिग्रेटर मागेल. मिशन संपल्यावर सॅटेलाइट खाली कसा येणार हेही लिहून द्यावं लागतं, ५०० किमीच्या जवळपास असलेला क्यूबसॅट काही वर्षांत हवेच्या घर्षणानं आपोआप येतो, ६०० ला उत्तर अवघड होत जातं.

टेस्टिंगकडे येऊ. रॉकेटला तुमच्या सॅटेलाइटच्या फोटोंशी देणंघेणं नाही, त्यांना एवढंच हवं असतं की तो वर जाताना सुटून शेजाऱ्यावर आदळणार नाही. म्हणून रँडम व्हायब्रेशन टेस्टचा, म्हणजे रॉकेटसारखं वेडंवाकडं थरथरवून बघायच्या टेस्टचा, रिपोर्ट नसेल तर तुम्ही चढतच नाही. लेव्हल इंटिग्रेटर देतो, अंदाज यावा म्हणून सांगतो, नासाच्या जीईव्हीएस या टेस्टच्या नियमावलीत छोट्या पेलोडसाठी क्वालिफिकेशनला, म्हणजे डिझाइन टिकतं का बघायला, १४.१ जी-आरएमएस (थरथरीच्या जोराचं माप) आणि अॅक्सेप्टन्सला, म्हणजे उडणारा नग नीट बनलाय का बघायला, १० आहे. वेगळं क्वालिफिकेशन मॉडेल बनवायला पैसे नसतील तर प्रोटोफ्लाइट पद्धत, म्हणजे उडणाऱ्याच मॉडेलला क्वालिफिकेशनची लेव्हल पण वेळ कमी. टेस्टच्या आधी आणि नंतर हळू साइन स्वीप, म्हणजे थरथरीची फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेणं, घ्या आणि दोन ग्राफ एकावर एक ठेवा, रेझोनन्सचं शिखर सरकलेलं दिसलं तर आत कुठला तरी स्क्रू ढिला झालाय किंवा काहीतरी तडकलंय, बाहेरून कितीही ठणठणीत दिसो. सगळ्या स्क्रूंना टॉर्क मार्किंग म्हणजे नीट आवळल्याची खूण आणि थ्रेडलॉकर म्हणजे ढिला होऊ न देणारा गोंद, हे नंतर करू म्हणून ठेवायचं नाही.

थर्मल व्हॅक्युममध्ये, म्हणजे निर्वातात तापवून-गार करून बघायच्या टेस्टमध्ये, इमेजिंगवाल्यांनी जास्त वेळ घालवावा. हवेत नीट फोकस केलेली लेन्स निर्वातात फोकस सोडते, हवेचा अपवर्तनांक गेला आणि कार्बन फायबरमधला ओलावा उडाला की लांबी बदलते, म्हणून निर्वातात खिडकीतून टार्गेट बघून फोकस तपासायचा आणि शक्य असेल तर फोकस हलवायची सोय ठेवायची. चिकटवायचे पदार्थ आणि वायरचं आवरण यातून निघणारी वाफ लेन्सवरच बसते, तेव्हा टीएमएल (निर्वातात एकूण किती वजन उडतं) १ टक्क्याच्या आत आणि सीव्हीसीएम (त्यातलं किती दुसरीकडे जमून बसतं) ०.१ टक्क्याच्या आत असलेलंच मटेरियल आणि शेवटी बेकआउट म्हणजे निर्वातात तापवून वाफ काढून टाकणं.

आणि मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती टेस्ट कुठलाच लाँचवाला मागत नाही. पिन ओढा, स्विच सोडा, आणि सॅटेलाइटला बॅटरीवर एकट्याला राहू द्या. क्यूबसॅटच्या नियमाप्रमाणे अँटेना ३० मिनिटांनी उघडल्या का, रेडिओ ४५ मिनिटांनी बोलला का, कमांड फक्त रेडिओवरून देऊन फोटो काढता आला का, तो उतरवता आला का, मधेच रीसेट मारला तर पुन्हा उठतो का. केबल लावून काम चाललं याला काही अर्थ नाही. रेडिओसाठी सॅटेलाइटची डुप्लिकेट सिंहगडावर आणि ग्राउंड स्टेशन शहरातल्या गच्चीवर असं करून बघा, लायसन्स घेऊनच, २० किमी आणि २००० किमी यातला फरक सिग्नलच्या ताकदीत ४० डीबीचा म्हणजे दहा हजार पटींचा, तेवढा सिग्नल कमी करणारा अॅटेन्युएटर मधे टाकला की खरी परीक्षा होते.

पाठवताना लिथियम बॅटरीचा यूएन ३८.३ म्हणजे वाहतुकीतल्या सुरक्षेच्या टेस्टचा रिपोर्ट आधीच एअरलाइनच्या कार्गोवाल्यांना दाखवून ठेवा, चार्ज ३० टक्क्यांच्या आत. अँटिस्टॅटिक बॅग, सिलिका जेल, शॉक लॉगर, लेन्सवर लाल टॅगची टोपी, आणि ती टोपी काढायची ओळ चेकलिस्टमध्ये पहिल्या पानावर. क्लीन रूममध्ये तुमच्या हातात फार थोडा वेळ असतो, तपासणी, चार्जिंग, पिन ओढणं आणि डब्यात सरकवणं, तेवढ्यात सॉफ्टवेअर बदलायचा मोह आला तरी बदलू नका. डबा बंद झाल्यावर लाँचपर्यंत आठवडे जातात, तेवढ्यात बॅटरी किती उतरेल हे आधी मोजलेलं असू द्या.

लाँच बहुतेक कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्गहून होतं. तिथे जमिनीवर उतरलेला पहिला बूस्टर ऑक्टोबर २०१८ चा, आणि त्यानं नेला होता अर्जेंटिनाचा साओकॉम १ए, तोही पृथ्वी बघणाराच. उड्डाणानंतर सात-आठ मिनिटांत बूस्टर खाली येतो, सगळे टाळ्या वाजवतात, तुमचं काम तिथून पुढे सुरू होतं कारण सॅटेलाइट सुटायला तासभर तरी लागतो.

पहिले काही दिवस आपला सॅटेलाइट नेमका कुठला हेच कळत नाही, शंभर ठिपके एका ओळीत. इंटिग्रेटरकडून मिळालेला स्टेट व्हेक्टर, म्हणजे सुटतानाची जागा आणि वेग, वापरून अँटेना फिरवा, हॅम बँडवर असाल तर बीकनचं म्हणजे सॅटेलाइट आपणहून पाठवत राहतो त्या सिग्नलचं फॉरमॅट आधीच जाहीर करून सॅटनॉग्स या हौशी नेटवर्कच्या जगभरच्या स्टेशन्सना ऐकायला सांगा, आणि डॉपलर, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, कुठल्या टीएलईशी म्हणजे रडारवाल्यांनी जाहीर केलेल्या कुठल्या ऑर्बिटशी जुळतो ते बघून ओळख पटवा. फोटोची घाई करू नका. आधी बॅटरी आणि तापमान, मग गिरकी थांबवणं, मग स्टार ट्रॅकर, आणि मग कॅमेरा. फोकससाठी चंद्र चांगला, रेडिओमेट्रीसाठी म्हणजे कॅमेऱ्याचं उजेडाचं माप जुळवायला लिबियाच्या वाळवंटातली लिबिया-४ ही जागा सगळे वापरतात, आणि लोकेशन जुळवायला कोकण किनारा घ्या, खाड्यांची वळणं नकाशाशी पटकन ताडता येतात, पावसाळा सोडून.